एक यू आणि एक रेघ

३ ऑक्टोबर, शुक्रवार

कॉम्प्युटरच्या डब्याने आज दगा दिला. टपालवाल्या मावशींची फाइल उघडायला गेले तर पडद्यावर ओळ आली, वाचता येत नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आतून कट्-कट् असा आवाज आला आणि सगळंच थिजलं. मी बाकावर हातोडी आपटली. त्याने काही झालं नाही, पण हातोडी आपटली.

नेमक्या आजच मावशी दोन्ही बूट हातात घेऊन आल्या होत्या. डाव्याचा तळ मधोमध दुभंगला आहे. चौदा वर्षांपूर्वी त्यांचा डावा पाय गाडीखाली सापडला, तेव्हापासून त्यांचे बूट आमच्याकडेच होतात. आधी बाबांनी केले, आता मी करते. वीस तारखेला खात्याचा डॉक्टर त्यांना चालवून बघणार आहे. लंगडल्या तर फेरी कायमची बंद आणि निवृत्तीपर्यंत पत्रं निवडायचं टेबल. त्यांना टेबल नको आहे. इतकी वर्षं चालून ज्या बाईला रस्त्याची सवय झाली तिला खुर्चीत कोंबणं म्हणजे शिक्षाच.

पाय काय, आजही मोजता येईल. पण कुठे दाबलं की मावशी कळवळतात आणि कुठे दाबलं की त्यांना आधार वाटतो, हे पायावर लिहिलेलं नसतं. ते त्यांच्या फर्म्यात होतं. ज्यावर चामडं ताणून बूट बेततो तो पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा, तो फर्मा. बाबा दर खेपेला तो जरासा घासत, कुठे चामड्याचा तुकडा चिकटवत. अशा तीनशे बारा जोड्या भिंतीवर होत्या.

जानेवारीत मी चार दिवस मावसबहिणीकडे गेले आणि परत आले तर भिंत रिकामी. धाकट्या भावाने प्रत्येक फर्म्याचं प्रकाशाने माप घेऊन डब्यात भरलं होतं आणि लाकूड टाकून दिलं होतं. का, तर जागा नाही आणि वाळवी लागते. ‘ताई, डब्यात दोन डिस्क आहेत, एकमेकींचा आरसा. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उमटतं. एक गेली तरी दुसरी आहे.’ बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. मी त्याला दार दाखवलं. तो त्याच आठवड्यात गाव सोडून गेला आणि तेव्हापासून आम्ही बोललो नाही.

एक गेली तरी दुसरी आहे म्हणे.

४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी डबा बंद करून पुन्हा चालू केला. बाहेरून आणखी काही विघ्न नको म्हणून त्याची इंटरनेटची वायरही काढून ठेवली. फोनवर शोधत शोधत एक ओळ सापडली, ती टाइप केली की डिस्कची तब्येत दिसते. चौकोनी कंसात दोन यू दिसायला हवेत. मला एक यू आणि एक रेघ दिसली. यू म्हणजे डिस्क उभी आहे, रेघ म्हणजे जागेवर कोणी नाही.

म्हणजे एक डिस्क गेली आहे. ठीक. पण मग दुसरी आहे ना? मग मावशींची फाइल का उघडत नाही? आणि एक डिस्क जाते तेव्हा या यंत्राने काही बोलायला नको का? शिलाईचं मशीनसुद्धा सुई मोडली की आवाज करतं. हे एवढं शहाणं यंत्र, आणि तोंडाला कुलूप.

जेवताना आईला हे सगळं सांगितलं. ती भात कालवत म्हणाली की त्याच्या पाकिटांत काही लिहिलं असेल, बघ की. मी म्हटलं, पाकिटांत काय असणार ते मला न वाचता माहीत आहे. आधी माफी, मग आपलंच कसं बरोबर होतं याचं स्पष्टीकरण. अकरा पाकिटं आहेत, सगळी चामडं कापायच्या रापीच्या खणात पडली आहेत. मेल परस्पर कचऱ्यात जातील अशी सोय जानेवारीतच करून घेतली, पण टपालाला तशी सोय नाही.

आईने ताकाचं भांडं माझ्यापुढे सरकवलं. दर रविवारी दार लोटून त्याच्याशी अर्धा तास फोनवर बोलते, ते मला ऐकू येत नाही असं तिला वाटतं.

६ ऑक्टोबर, सोमवार

रीस्टार्ट येऊन गेला. कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. कुठल्याही तक्रारीवर त्याचा पहिला प्रश्न ‘रीस्टार्ट करून पाहिलंत?’ हा असतो, म्हणून हे नाव. त्याला ते माहीत आहे आणि आवडतंसुद्धा.

त्याने तो यू आणि ती रेघ पाहिली आणि म्हणाला, सोपं आहे. दुसरी डिस्क कालपरवा सुटली असणार. तिला पुन्हा जोडीत घ्यायचं, मग चांगलीवरचं सगळं आपोआप तिच्यावर उतरेल. मी विचारलं, चांगली कुठली? म्हणाला, जी चालू आहे ती. मी म्हटलं, अहो, जी चालू आहे तिच्यावरूनच तर फाइल वाचता येत नाहीये. तर तो हसला. बायकांनी बॉनेट उघडलं की मेकॅनिक हसतात तसं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पण जोडीत घ्यायला मुख्य पासवर्ड लागतो आणि तो मला माहीत नाही. धाकट्याने ठेवलेला. रीस्टार्ट म्हणाला की पासवर्डशिवाय शिरायची वाट आहे, पण त्याला सामान आणावं लागेल. गुरुवारी अकराला येतो.

तो गेल्यावर मी डब्याचं झाकण काढलं. आत एकावर एक दोन डिस्क. आमच्याकडे चामडं कापायच्या आधी खडूने डावा-उजवा लिहायचं, ही बाबांची सक्ती. लिहिल्याशिवाय रापीला हात लावायचा नाही. मग मी डिस्कवरही लिहिलं. पडद्यावर चालू डिस्कचं नाव ‘ए’ होतं आणि रीस्टार्ट म्हणाला होता की वरची ती ए. वरचीवर लिहिलं ‘चालू’, खालचीवर ‘सुटलेली’. एवढं केल्यावर जरा हुशारी वाटली.

७ ऑक्टोबर, मंगळवार

डब्याविना चालतं का बघावं म्हणून मावशींच्या पायाचा नवा साचा घेतला. प्लास्टरचा, अगदी जपून. त्यावर कच्चा बूट बेतला आणि संध्याकाळी त्यांना घालायला दिला. त्या दारापर्यंत तीन पावलं गेल्या, परत आल्या आणि काही बोलल्या नाहीत. मावशी एरवी लेस कितव्या भोकात हवी त्यावरही वाद घालतात. गप्प बसल्या म्हणजे फार दुखत असणार.

बूट काढला तर टाचेच्या आतल्या बाजूला लाल वळ. बाबांनी तिथे नक्की खळगी केली होती. किती खोल, ते काही केल्या आठवेना. चौदा वर्षं तो फर्मा हाताळला आणि आठवेना. याची मला लाज वाटते.

८ ऑक्टोबर, बुधवार

मावशी पुन्हा आल्या, लंगडत, बुटासाठी नव्हे. सध्या त्यांना निवडायच्या टेबलावरच बसवलंय. तिथे धाकट्याचं पाकीट दिसलं म्हणून सुट्टीत स्वतः घेऊन आल्या. अक्षर आता ओळखीचं झालंय म्हणाल्या. बारावं आहे हे, त्यांनी मोजलीत.

मी पाकीट खणात टाकलं. त्यांनी खण बघितला. आतली सगळी पाकिटं बंद, त्यांनीच एकेक करून आणून दिलेली. त्यांचा चेहरा असा झाला की मला सबब सांगावीशी वाटली. म्हटलं, वेळ झाला नाही.

‘पोरी,’ मावशी म्हणाल्या, ‘भांडायला लिहिणारा माणूस दोनदा लिहितो. फार तर तीनदा. बारा वेळा कोणी लिहीत नाही.’

मी म्हटलं, तुम्ही त्याला ओळखत नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळी नऊला मी पाकिटं फोडली. पासवर्डसाठी फोडली, दुसऱ्या कशासाठी नाही. रीस्टार्टने मागच्या दाराने शिरण्यापेक्षा ते बरं. तारखेप्रमाणे लावून पहिलं घेतलं. बारा फेब्रुवारीचं.

‘ताई, काल दुपारी डब्यातली एक डिस्क सुटली. काही झालं की मशीन मला मेल करतं. तुला करायला सांगायचं राहून गेलं, ती चूक माझी. मी तुला मेल केला, उत्तर नाही, म्हणून हे. बहुतेक केबल सैल झाली असेल. घट्ट बसव आणि खालची ओळ टाइप कर, पाच मिनिटांचं काम आहे. पासवर्ड म्हणजे बाबांच्या बुटाचा नंबर, मग तुझा, मग माझा, मध्ये जागा न सोडता. दोन प्रती आहेत या भरवशावर मी लाकूड टाकलं. आज एकच प्रत आहे. तू रागावलीस ते बरोबर होतं.’

म्हणजे यंत्र बोलत होतं. पहिल्या दिवसापासून बोलत होतं.

मी हीच वही मागे चाळली. दहा फेब्रुवारी. माझंच अक्षर. ‘त्याचं टेबल भंगारात दिलं. डबा ठोकायच्या बाकाखालच्या फळीवर सरकवला. आता मोकळं वाटतंय.’ दिवसभर मी ज्या बाकावर तळ ठोकते त्याच्या बरोबर खाली. दुसऱ्याच दिवशी केबल निसटली. मी कपाळाला हात लावून बसले.

पुढची पत्रं लहान लहान होत गेलीत. एप्रिलमध्ये ‘अजून एकच आहे. केबल.’ जूनमध्ये आईच्या गुडघ्याची चौकशी, मग केबल. जुलैत दोन आली होती, दोन्हींत फक्त तीच ओळ, टाइप कशी करायची ते मोठ्या अक्षरांत. मला चष्मा लागल्याचं आईने सांगितलं असणार.

मग दोन सप्टेंबरचं. हे दोनदा अधोरेखित.

‘ताई, आता केबल लावू नकोस. चालू डिस्कच बिघडायला लागली आहे, वाचताना चुकते आहे असे मेल येतायत. सुटलेली अकरा फेब्रुवारीला थांबली आहे, पण धडधाकट आहे आणि बाबांचे सगळे फर्मे तिच्यावर आहेत. आता दोघींना जोडीत घेतलंस तर बिघडलेली धडधाकटवर लिहिली जाईल. डबा बंद कर. मला बोलाव. मी नको असेन तर दुसऱ्या कोणाला, पण त्याला हे दाखव. आणि वरची-खालची बघू नकोस, नाव बघू नकोस, नावं बदलतात. डिस्कच्या स्टिकरवरचा अंक बघ. धडधाकटचा शेवट ७४.’

मी उठून झाकण काढलं आणि चष्मा लावला. ७४ वरची होती. जिच्यावर मी स्वतःच्या हाताने ‘चालू’ लिहिलं होतं ती. एकवीस वर्षांत माझा डावा-उजवा चुकला नाही, तो तिथे चुकला.

शेवटचं पाकीट, काल आलेलं, पाच ऑक्टोबरचं. ते उतरवून ठेवते.

‘ताई, काल मशीनचा मेल आला नाही. आजही नाही. आठ महिने रोज सकाळी सहा पंचवीसला येत होता. रोज तोच मजकूर, एक डिस्क नाही. पण तो आला की कळायचं की वर्कशॉप उघडं आहे, वीज आहे, तू आहेस. तुझ्याकडून तेवढंच येत होतं. आता एकतर तू दुरुस्त केलंस नाहीतर सगळं बंद पडलं. दुरुस्त केलं असशील तर कळवायची गरज नाही.’

मी रडले. आई दारात आली, बघितलं आणि परत गेली.

अकराला रीस्टार्ट आला आणि मी काही बोलायच्या आत बाकाखाली वाकून की-बोर्ड ओढला. मी पासवर्ड सांगते असं म्हटल्यावर खूश झाला. मी म्हटलं, आधी हे वाचा, आणि सप्टेंबरचं पत्र हातात दिलं. त्याने ते उभ्याउभ्या वाचलं, मग स्टूल ओढून बसून वाचलं. हसला नाही.

‘मी आज हेच करणार होतो,’ तो म्हणाला. ‘जोडीत घेणार होतो.’

मग पत्रात लिहिल्याप्रमाणे केलं. डबा बंद केला. बिघडलेली, म्हणजे खालची, काढली. ७४ ची केबल बघायला गेलो तर बोट लावताच हातात आली. ती घट्ट बसवली आणि ती एकटीच ठेवून डबा चालू केला, तिच्यावर काही लिहायचं नाही, फक्त वाचायचं, अशा तऱ्हेने. डबा एकटीवर उठायला तयार नव्हता. जोड अपुरी आहे म्हणून अडून बसला. रीस्टार्टने त्याला बजावलं की आहे तेवढ्यावर ऊठ. अडीचपर्यंत सगळं बाहेरच्या नव्या डिस्कवर उतरलं. तीनशे बारा जोड्या. मी एकेक मोजली. मावशींची फाइल उघडली आणि फिरवून पाहिली. टाचेच्या आतल्या बाजूला खळगी होती. मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट खोल.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

धाकट्याला कळवावं का? कळवायची गरज नाही असं त्यानेच लिहिलंय. शिवाय काय लिहू? सुरुवात कशी करू? आज बिघडलेल्या डिस्कवरून फेब्रुवारीनंतरचं काम जमेल तेवढं काढण्यात दिवस गेला. नऊ गिऱ्हाइकांचे पाय गेले ते गेलेच. नऊ जणांना फोन करून पुन्हा या म्हणायचं आहे, त्यातले सरकारी वकील दर वेळी मोजे काढायला कुरकुरतात.

१३ ऑक्टोबर, सोमवार

दोन नव्या डिस्क बसवल्या, आरसा पुन्हा बांधला, सगळं त्यावर भरलं. सकाळपासून टक्केवारी सरकत होती. काम सोडून मी तिच्याकडेच बघत बसले, दूध उतू जाईल म्हणून बघत बसावं तशी. साडेचारला कंसात दोन यू आले.

डबा बाकाखालून काढला. ठेवायला जागा शोधत होते तर आई म्हणाली, ती भिंत आहे की रिकामी. नऊ महिने मी त्या फळ्यांवर दोऱ्याचं रीळसुद्धा ठेवलं नव्हतं. मधल्या फळीवर डबा ठेवला. हातोडीच्या आवाजाने तिथे काही हलत नाही, पाण्याची वाटी ठेवून खात्री केली.

रीस्टार्ट जाताना म्हणाला, आता हा मेल करणार नाही, सगळं ठीक असलं की गप्प असतो. मी म्हटलं, बरं झालं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

फाइलवरून फर्मा कोरणाऱ्या यंत्रातून मावशींचे फर्मे परवा निघाले. लाकूड नाही, प्लास्टिक, पांढरं, बिनवासाचं. मला ते आवडत नाही. पण त्यावर बेतलेला बूट आज मावशींनी घातला आणि लगेच लेस दुसऱ्या भोकात हवी म्हणून हुज्जत घालायला लागल्या. मला इतकं बरं वाटलं. मग त्या चौकापर्यंत जाऊन आल्या. मी दारात उभी राहून फक्त डावा पाय बघत होते.

२० ऑक्टोबर, सोमवार

मावशी पास. डॉक्टरने जिना चढवला, उतरवला, पुन्हा चढवला. तिसऱ्यांदा त्यांनीच विचारलं, अजून किती? दुपारी गणवेशात, खांद्यावर थैली घेऊन वर्कशॉपच्या दारात आल्या. विजेचं बिल दिलं. माझा हात पुढे केलेलाच राहिला.

‘एवढंच आहे,’ मावशी म्हणाल्या. ‘आज पाकीट नाही.’

त्या गेल्यावर लक्षात आलं. येणार कसं? त्याला वाटतंय एकतर मी दुरुस्त केलं किंवा सगळं बंद पडलं. दोन्हींत त्याने लिहायचं काही उरलेलं नाही. आणि यंत्र ठीक आहे, म्हणून तेही गप्प.

पहिल्या पत्राच्या तळाशी आणखी एक ओळ होती, मेल जातो का ते तपासायची. टाइप केली. काही गेलं नाही. दहा मिनिटं यंत्राला शिव्या घातल्या, मग आठवलं की इंटरनेटची वायर चार तारखेला मीच काढून ठेवली आहे. लावली. पुन्हा टाइप केलं. गेलं. यंत्राने त्याला कळवलं की ही फक्त चाचणी आहे.

नुसतं यंत्राने कळवून कसं चालेल? मग मी माझ्या नावाने एक मेल लिहिला. चार वेळा खोडला. शेवटी एवढाच ठेवला, ‘केबलच सैल होती. माझ्यामुळे. बाबांचे सगळे आहेत.’ त्याचे मेल कचऱ्यात टाकायची सोय काढायला विसरले होते, तीही काढली, आणि बसून राहिले.

चार मिनिटांत उत्तर आलं.

‘कुठली? अंकाचे शेवटचे दोन आकडे पाठव.’

नऊ महिने, बारा पाकिटं, आणि हा माणूस विचारतो कुठली! माझं डोकंच फिरलं. आईला ओरडून सांगितलं, बघ तुझा मुलगा. ती आतून म्हणाली, मग सांग ना त्याला.

रापीच्या खणात पाकिटांवर जुनी डिस्क ठेवली होती. बाहेर काढली. वर माझ्याच खडूने लिहिलेलं ‘चालू’ अजून पुसलेलं नव्हतं. चष्मा लावून स्टिकरवरचा अंक वाचला आणि पाठवला, शेवटचे दोन आकडे नाही, पहिल्यापासून पूर्ण.